ऑटिस्टिक पाहुण्यांसाठी हॉटेलात नक्की काय बदलावं? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा

फ्रंटडेस्क_३४

नमस्कार मंडळी. मी एका लहान हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे, ३४ खोल्या आहेत आमच्याकडे, या लाईनमध्ये मला १२ वर्षं झाली. मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला तो डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितोय.

एक कुटुंब आलं होतं, आई, वडील आणि ९ वर्षांचा मुलगा. बुकिंग करताना आईने फोनवर सांगितलं होतं की मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, शांत खोली द्या आणि खोलीचा नंबर आत्ताच सांगता आला तर फार बरं होईल. मी २०७ सांगितला. ज्या दिवशी ते येणार त्याच दिवशी चौथ्या मजल्यावरची मोठी खोली रिकामी झाली, मला वाटलं लांबचा प्रवास करून लेकराला घेऊन येतायत, दमलेले असतील, देऊया त्यांना मोठी खोली, जास्तीचे पैसे न घेता. मनापासून केलं होतं मी ते. काउंटरवर चावी देताना म्हणालो, तुम्हाला ४०२ दिलीय, अपग्रेड केलंय.

मुलाच्या हातात वहीचा एक कागद होता. त्याच्यावर लाल स्केचपेनने २०७ लिहिलेलं, बाजूला लिफ्टची बटणं काढलेली आणि २ च्या बटणाभोवती गोल. त्याने तो कागद काउंटरवर ठेवला आणि २०७, २०७ म्हणायला लागला, आधी हळू मग जोरात. मी म्हटलं अरे ही खोली अजून मोठी आहे, तिथून सगळं दिसतं. मग तो कान दाबून खाली बसला आणि ओरडायला लागला. लॉबीत गाणी चालू होती, ती कोणी बंद केली नाहीत, माझ्याही लक्षात आलं नाही. आम्ही तिघं जण त्याच्याभोवती जमलो, गार्डने त्याला उठवायला दंड धरला आणि मग तर काही विचारू नका. बाकीचे पाहुणे बघत उभे. आई त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. अर्ध्या पाऊण तासाने ते तिघं सामान घेऊन निघून गेले, रात्री साडेनऊला. जाताना बाई मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही नंबर सांगितला होता."

२०७ तेव्हा रिकामीच होती हो. मी देऊ शकलो असतो.

आता आमचे मालक म्हणतायत की आपण ऑटिझम फ्रेंडली असा बोर्ड लावू आणि एक खोली निळ्या रंगाची करून घेऊ. मला हे काही पटत नाहीये पण त्याऐवजी काय करायचं ते मला सांगता येत नाहीये. पालक, स्वतः ऑटिस्टिक असलेले लोक, हॉटेल लाईनमधले लोक, कोणीही सांगा. बजेट फार नाही, पण स्टाफ चांगला आहे, सांगितलं तर शिकणारा आहे.

---

लेकीची_आई

दादा, आधी सांगते, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. बहुतेक ठिकाणी आम्ही निघून गेलो की विषय संपतो.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे, ऑटिस्टिक, बोलते पण मोजकं. तुमच्या प्रसंगातला तो कागद डोळ्यासमोर आला माझ्या. त्या मुलासाठी २०७ म्हणजे नुसता खोलीचा नंबर नव्हता हो. त्या घरात तो नंबर आठ-दहा दिवस तरी चालू असणार, सकाळी उठल्यावर २०७, जेवताना २०७. कारण नवीन जागी काय होणार हे आमच्या मुलांना आपोआप कळत नाही. आपण हॉटेलात शिरलो की डोकं आपोआप अंदाज बांधतं, काउंटर कुठे असेल, खोली कशी असेल, संडासचा फ्लश कुठे असेल, आपल्याला जाणवतही नाही. तिच्या बाबतीत यातलं एकेक आधी सांगावं लागतं. एवढ्या सगळ्या अनोळखी गोष्टींत एक गोष्ट पक्की होती, ती तुम्ही प्रेमानेच काढून घेतलीत. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हेच की जे कबूल केलंय ते तसंच्या तसं द्या, त्याहून चांगलं सुद्धा देऊ नका, द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी विचारा.

दुसरं म्हणजे फोटो. वेबसाईटवरचे फोटो आम्हाला उपयोगी नसतात, ते रुंद लेन्सने काढलेले असतात, खोली दुप्पट दिसते, बेडवर टॉवेलचे हंस, प्रत्यक्षात गेलं की काहीच जुळत नाही आणि मुलीला वाटतं आपण चुकीच्या जागी आलो. साधे मोबाईलचे फोटो हवेत. बाहेरचं दार, लॉबी, काउंटर, लिफ्ट आतून, मजल्यावरचा पॅसेज, खोलीचं दार नंबरसकट, बेड, खिडकी, बाथरूम, फ्लशचं बटण, शॉवरचा नळ, नाश्त्याची जागा. याच क्रमाने, चालत गेल्यासारखे. फोटोखाली साधं एक वाक्य, "लिफ्टमध्ये शिरल्यावर टिंग असा आवाज येतो." याला सोशल स्टोरी म्हणतात, कॅरल ग्रे नावाच्या शिक्षिकेने १९९० च्या सुमारास ही पद्धत सुरू केली आणि आता जगभर थेरपीत वापरतात. आम्ही असे फोटो प्रिंट करून छोटी वही करतो आणि रोज रात्री झोपताना ती बघते, शेवटच्या दोन दिवसांत तर पान उलटायच्या आधी पुढचं पान कुठलं ते ती सांगते. तेवढं झालं की प्रवास निम्मा पार पडला असं मी धरते.

चेक-इनबद्दल पण सांगते. ओळखपत्र, सह्या, फॉर्म हे सगळं आदल्या दिवशी मेलवर करून घ्या ना. मग आमच्यातला एक जण आत येऊन चावी घेईल आणि लेक गाडीतच थांबेल, मग सरळ लिफ्ट आणि खोली. लॉबीतली ती पंधरा मिनिटं फार अवघड असतात, दमलेलं मूल, गाणी, चकचकीत फरशी, रूम फ्रेशनरचा वास, चाकांच्या बॅगांचा आवाज आणि वर सगळे प्रेमाने "नाव काय बेटा" विचारणारे.

आणि बारक्यासारख्या गोष्टी असतात त्या तुम्हाला सुचणारच नाहीत, आम्हालाही रात्री दोन वाजता कळतात. एका ठिकाणी टीव्हीचा लाल दिवा, एसीचा हिरवा दिवा आणि स्मोक डिटेक्टरची लुकलुक असे तीन ठिपके अंधारात दिसत होते, ती झोपेचना, सारखी बोटाने दाखवायची. शेवटी टीव्हीच्या आणि एसीच्या दिव्याला मी पर्समधली बँडेजची पट्टी लावली (डिटेक्टरला हात लावायचा नाही, तो झाकू नका कधीच) आणि तिला कुशीवर वळवून झोपवलं. तेव्हापासून काळी टेप माझ्या बॅगेत असते. तुम्ही खोलीत ठेवलीत टेप तर मला फार आपलंसं वाटेल.

---

पॅसेजच्या_टोकाला

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३६, निदान ३१ व्या वर्षी झालं. कामासाठी महिन्यातून दोनदा तरी एकटा हॉटेलात राहतो. हे आधीच सांगतोय कारण अशा धाग्यांवर सगळं बोलणं लहान मुलांबद्दल होतं आणि आम्ही मोठे झालेले कुठे जातो हे कोणी विचारत नाही. आम्ही तुमच्या काउंटरवर उभे असतो. फक्त सांगत नाही.

सांगत का नाही त्याचं कारण देतो. एकदा १४ तासांच्या प्रवासानंतर मी एका हॉटेलात पोचलो, सिस्टीम बंद होती म्हणून अर्धा तास उभं केलं आणि माझं बोलणं बंद झालं. म्हणजे खरंच बंद झालं, शब्द डोक्यात असतात पण तोंडातून निघत नाहीत, याला शटडाऊन म्हणतात. मी मान खाली घालून उभा, रिसेप्शनवरचा माणूस परत परत तेच विचारतोय, आवाज चढवतोय, शेवटी त्याने दुसऱ्याला सांगितलं की हा नशेत दिसतोय. मला सगळं ऐकू येत होतं. मोबाईलवर "मला बोलता येत नाहीये, लिहून विचारा" एवढं टाईप करून दाखवायला मला दहा मिनिटं लागली. त्यानंतर तो माणूस चांगला वागला हेही खरं आहे. पण त्याला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं की असंही असतं.

म्हणून स्टाफला शिकवायचं असेल तर हे आधी शिकवा. मेल्टडाऊन म्हणजे हट्ट नाही. हट्टाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की हट्ट थांबतो. मेल्टडाऊनमध्ये मेंदूत आवाज, उजेड, बदल, भीती हे सगळं इतकं साचतं की शरीराचा ताबा सुटतो, त्या क्षणी चॉकलेट देऊन किंवा दटावून काही होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाचं पुस्तक नवीन काढलं त्यात आवाज, उजेड, स्पर्श वगैरेंना येणारी जास्त किंवा कमी प्रतिक्रिया ही ऑटिझमच्या निकषांत अधिकृतपणे घातली, म्हणजे ही काही पालकांनी दिलेली सबब नाही.

त्या वेळी करायचं काय तर, गाणी बंद. जमलं तर दिवे कमी. बघ्यांना हलवा, त्या माणसाला हलवू नका. हात लावायचा नाही. एकाच माणसाने बोलायचं, तेही सोबतच्या माणसाशी, आणि एकच प्रश्न विचारायचा, "काय करू?" आणि मग थांबायचं. थांबणं हेच सगळ्यात अवघड जातं स्टाफला, त्यांना वाटतं आपण काहीच करत नाही. गार्डचा मी राग करत नाही, त्याला उठवणं माहीत होतं, त्याने उठवलं. त्याला थांबायला शिकवा.

आता खोलीचं. उजेड, आवाज, वास, या क्रमाने माझा त्रास. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईट सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात, वीज किती हर्ट्झची आहे त्यावर, बहुतेकांना दिसत नाही, मला डोळ्यांच्या मागे टोचतं. स्वस्तातले एलईडी मंद केले की तेही तसंच करतात. एक साधा पिवळ्या उजेडाचा टेबल लॅम्प ठेवलात तर मी वरचे दिवे लावतच नाही. खोलीतल्या फोनवर फोन करू नका, "सगळं ठीक आहे ना सर" विचारायला तर अजिबात नाही, तो अचानक वाजतो आणि मग पुढचा तासभर मी परत वाजेल म्हणून वाट बघत बसतो. मेसेज करा. दारावर डू नॉट डिस्टर्ब लावलंय तर खरंच येऊ नका. आगीच्या अलार्मची टेस्ट असेल तर दिवस आणि वेळ आधी कळवा, त्या वेळात मी बाहेर जाईन.

आणि डोळ्याला डोळा देत नाही म्हणजे हा माणूस काहीतरी लपवतोय असं समजू नका.

तो बोर्ड प्लीज लावू नका. निळी खोली पण नको. मला शांत खोली हवी आहे, माझ्या निदानाचं नाव लिहिलेली खोली नको.

---

लिननरूमवाली

मी हाऊसकीपिंगमध्ये सुपरवायझर आहे १९ वर्षं, मोठ्या हॉटेलातही केलंय आणि लहानातही. वरच्या दोघांचं वाचून बऱ्याच गोष्टी आता उलगडल्या मला.

आमच्या बाजूने सांगते. शांत खोली म्हणजे आपण फ्रंट ऑफिसवाले रस्त्याच्या विरुद्ध बाजूची देतो आणि झालं. पण हाऊसकीपिंगला विचारा, खोलीत आवाज कुठून येतो ते आम्हालाच माहीत. लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली खोली नको, लिफ्टची मोटर रात्री जास्त ऐकू येते. आमच्या पँट्रीशेजारची नको, सकाळी साडेसहाला ट्रॉल्या भरतात. किचनच्या एक्झॉस्टच्या वरची नको, आवाज आणि वास दोन्ही. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली नको, त्या दारातून शेजारच्यांचं सगळं ऐकू येतं. पॅसेजच्या टोकाची खोली शांत असते, ती द्या. सगळ्यात वरचा मजला असेल तर डोक्यावर पावलं वाजत नाहीत, पण वर टाकीचा पंप असेल तर तोही पाहून घ्या. मी तर म्हणेन एका रात्री स्वतः झोपून बघा त्या खोलीत, एसी बंद करून.

वासाचं असं आहे की नुसतं फ्रेशनर मारू नका म्हणून भागत नाही. सुगंधी पावडर आणि कंडिशनरचा वास चादरीत बसतो, एकदोन धुण्यांनी जात नाही. म्हणून चार-पाच चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल वेगळे काढायचे, खूण करायची आणि ते कायम बिनवासाच्या साबणातच धुवायचे. खर्च काही नाही, शिस्त लागते फक्त. चादर गादीखाली घट्ट खोचायची का सैल ठेवायची हेही विचारा, घट्ट खोचलेली कोणाला आवडते तर कोणाला पाय अडकल्यासारखं होतं.

आता एक गोष्ट सांगते. एक कुटुंब आमच्याकडे पाच दिवस होतं. पहिल्या दिवशी मी खोलीत गेले तर बेडपासून खिडकीपर्यंत जमिनीवर बाटल्यांच्या झाकणांची रांग, निळी, मग पांढरी, मग परत निळी, मध्ये बोटभर अंतर. सहा-सात वर्षांचा मुलगा खिडकीत पाठ करून बसलेला. आपण काय करतो, खाली पडलंय म्हणजे उचलायचं. मी वाकले तशी त्याची आई म्हणाली थांबा ताई. मग मी रांगेच्या या बाजूने झाडलं, वळसा घालून त्या बाजूने झाडलं, रांगेला हात लावला नाही. तो वळून बघत होता, माझ्याकडे नाही, झाडूकडे. दुसऱ्या दिवशी त्याने रांग भिंतीकडे सरकवली होती, माझ्यासाठी जागा करून. पाचही दिवस मीच गेले, रोज अकरा वाजता, कारण वेगळी मुलगी गेली असती तर तिला कोण सांगणार. माझी सुट्टी होती चौथ्या दिवशी, मी बदलून घेतली.

तर असं करा, त्या खोलीला एकच माणूस, एकच वेळ, आणि काहीही हलवायचं नाही. सुट्टी असली तर आदल्या दिवशी दुसरीला सोबत नेऊन चेहरा दाखवून यायचं.

---

दोन_पोरांचा_बाबा

लिननरूमवाली ताई, तुमचं सगळं मान्य पण एका गोष्टीला माझी हरकत आहे आणि जीवाची गोष्ट आहे म्हणून जरा स्पष्ट लिहितो. पॅसेजच्या टोकाची खोली शांत असते हे खरं पण तिच्या शेजारीच बहुतेक वेळा आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना असतो, आणि वरच्या मजल्यावर बाल्कनी असते. माझा मोठा मुलगा पळतो. ऑटिस्टिक मुलं अशी निघून जातात हे किती जणांना माहीत आहे मला कल्पना नाही. २०१२ मध्ये पीडिअ‍ॅट्रिक्स या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांचा अभ्यास आला होता, त्यात ४ वर्षांच्या पुढच्या ऑटिस्टिक मुलांपैकी ४९ टक्के मुलं एकदा तरी अशी निघून गेली होती किंवा तसा प्रयत्न केला होता. आणि पाण्याची ओढ असते बऱ्याच जणांना, बुडून जाण्याचा धोका सगळ्यात मोठा.

आमच्या बाबतीत एकदा पहाटे पाचला झालं. हॉटेलच्या दाराला आतून खटका फिरवला की उघडतं, लहान मुलालाही जमतं, आणि घरी आम्ही वर कडी लावलीय तशी तिथे नव्हती. मी अंथरूण चाचपलं तर गार. पायात चप्पल न घालता धावलो. तो खाली स्विमिंग पूलच्या कडेला बसला होता, पाय पाण्यात. तिथला माळी त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता, नुसता बसला होता, त्याला धरलं नव्हतं, हाक मारली नव्हती, पाण्याच्या बाजूला मात्र स्वतः बसला होता. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू.

म्हणून फ्रंटडेस्क साहेब, खोली देण्याआधी विचारा की मुलगा किंवा मुलगी एकटी बाहेर जाते का. जात असेल तर जिना आणि बाल्कनीपासून लांबची खोली द्या, पूलच्या बाजूची नको. दाराला हँडलवर अडकवायचा बॅटरीचा अलार्म मिळतो, दार उघडलं की वाजतो, दोन आणून ठेवा. वर जास्तीची साखळी लावायची तर मोठ्या माणसाला आतून एका हाताने उघडता आली पाहिजे, आगीच्या वेळी अडकायला नको. पूलचं फाटक रात्री कुलपात. आणि आम्हाला चालत असेल तर मुलाचा फोटो रात्रपाळीच्या गार्डला दाखवून ठेवा, म्हणजे तो दारात दिसला तर काय करायचं ते त्याला माहीत असेल, आधी आम्हाला फोन आणि दारात उभं राहायचं.

काही मुलांच्या गळ्यात हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेला लॅनयार्ड दिसेल. वरून न दिसणारं अपंगत्व आहे, जरा वेळ द्या, असा त्याचा अर्थ. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ते सुरू झालं आणि आता खूप देशांतल्या विमानतळांवर चालतं. तुमच्या स्टाफने ते नुसतं ओळखलं तरी आम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

---

ओटी_वाली

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, थोडक्यात लिहिते, वरच्यांनी बहुतेक सगळं सांगितलंय.

सगळ्यांना सगळं कमीच हवं असतं असं नाही. काहींना जास्त लागतं, उड्या, गादीखाली दाबून घेणं, गोल फिरणं. त्यांना सगळ्यात खालच्या मजल्यावरची खोली द्या म्हणजे खालून तक्रार येणार नाही आणि आईबापांना सारखं "हळू, हळू" म्हणावं लागणार नाही. म्हणजे कुठली खोली चांगली याचं एकच उत्तर नसतं, विचारावंच लागतं.

हँड ड्रायर. लॉबीच्या टॉयलेटमध्ये असेल तर काढा किंवा शेजारी कागदी टॉवेल ठेवा आणि ड्रायरचं बटण बंद करायची सोय करा. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने वेगवेगळे ड्रायर मोजले होते आणि २०१९ मध्ये तो अभ्यास बालरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये छापून आला, काही मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर होता, आणि मशीन भिंतीवर असतं ते मुलांच्या कानांच्या बरोबर उंचीला. मुलं कान दुखतात म्हणतात ते खरंच दुखतात.

वजनदार ब्लँकेट (अंगावर दाब यावा म्हणून आत वजन भरलेलं) ठेवायचा मोह होईल. २०१४ च्या एका चांगल्या चाचणीत त्याने मुलं जास्त वेळ झोपली असं काही निघालं नाही, पण मुलांना आणि पालकांना ते साध्या ब्लँकेटपेक्षा आवडलं होतं. आवडतं म्हणून एखादं ठेवा, मागितलं तरच द्या, लहान मुलांना मुळीच नाही, आणि ज्याला ते स्वतःहून बाजूला करता येत नाही त्यालाही नाही.

ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट याबद्दल कोणीतरी विचारेलच. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातलं मेसा शहर २०१९ मध्ये ऑटिझमसाठी प्रमाणित झालेलं पहिलं शहर, तिथे हॉटेलांसकट बऱ्याच जणांनी स्टाफला ट्रेनिंग दिलं. ट्रेनिंग चांगलंच आहे, पण एकदा घेतलं आणि स्टाफ बदलला की गेलं. म्हणून नवीन माणूस कामावर लागला की पहिल्या आठवड्यात हाच धागा त्याला वाचायला द्या, मला वाटतं तेवढ्याने पण बराच फरक पडेल.

---

फ्रंटडेस्क_३४

सगळ्यांना एकत्र उत्तर देतोय, रात्रपाळीला आहे, दोनदा वाचून काढलं सगळं. दोन_पोरांचा_बाबा, तुमचं वाचून मी उठून पूलच्या फाटकाचं कुलूप बघून आलो. लावलेलं नव्हतं. आता लावलंय आणि चावी गार्डकडे नाही, काउंटरवर ठेवलीय.

मालकांशी बोललो, बोर्डाचं मागे पडलंय सध्या. लॉबीतली गाणी रात्री आठनंतर बंद, आणि आधीही कोणी म्हटलं तर कारण न विचारता बंद, हे आजपासून. गार्डशी बोललो, तो बिचारा म्हणाला साहेब मला वाटलं पोरगं आपटून घेईल. त्याला पॅसेजच्या_टोकाला यांनी लिहिलंय ते वाचून दाखवलं, ऐकून घेतलं त्याने.

बुकिंग झाल्यावर जो मेल जातो त्यात एक प्रश्न टाकायचा विचार आहे. असा लिहिलाय, "आपल्यासोबत कोणी ऑटिस्टिक किंवा विशेष गरजा असलेली व्यक्ती आहे का?" बरोबर आहे का?

आणि दुसरं, त्या कुटुंबाला फोन करून माफी मागावी का, दोन रात्री आमच्याकडून राहा म्हणावं का. नंबर आहे माझ्याकडे.

---

पॅसेजच्या_टोकाला

प्रश्न बदला. तुम्हाला माझं निदान कळून काय उपयोग, दोन ऑटिस्टिक माणसांना अगदी उलट गोष्टी लागतात हे वर आलंच आहे. काय लागेल ते विचारा आणि सगळ्याच पाहुण्यांना विचारा, म्हणजे मला स्वतःबद्दल काही उघड न करता खूण करता येईल. मी असं लिहिलं असतं, "यातलं काही हवं असेल तर खूण करा. खोलीचा नंबर आधी कळवा आणि बदलू नका. फोनऐवजी मेसेज करा. बिनवासाच्या चादरी. लॉबीत न थांबता थेट खोलीत जायचं आहे. सफाई एकाच वेळी किंवा सफाई नको. जिना, बाल्कनी, पाणी यांपासून लांबची खोली. नाश्ता गर्दीच्या आधी किंवा खोलीत. स्वतःचं जेवण सोबत आणणार आहोत. आणखी काही?"

तान्हं बाळ असलेले आणि मायग्रेनवाले पण खुणा करतील बघा.

पण एक आहे, ज्याला खूण झाली ते मिळालंच पाहिजे. जमणार नसेल ते यादीतून काढून टाका. नसलेल्या सोयीचं मला काही वाटत नाही, मी दुसरीकडे जातो. आहे म्हणून सांगितलेली सोय नसली की मग रात्र जाते.

---

लेकीची_आई

फोन नको दादा. अचानक फोन आला की परत तो सगळा दिवस समोर येईल आणि मूल शेजारीच बसलेलं असेल. मेल करा, छोटा. काय चुकलं ते एका वाक्यात लिहा, मी २०७ कबूल केली होती आणि दिली नाही, चूक माझी. समजत नव्हतं, स्टाफ नवीन होता असलं काही लिहू नका. फुकट रात्रीचं पण आत्ता लिहू नका, त्यांना वाटेल गप्प करायला देतायत. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहा, आणि मग खरंच ठेवू नका.

पाठवायचंच असेल काही तर फोटो पाठवा, वर सांगितले त्या क्रमाने. ते आले नाहीत तरी दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील.

---

फ्रंटडेस्क_३४

प्रश्न बदलला, यादी घेतली तुमची, नाश्ता गर्दीच्या आधी हे सध्या काढलंय कारण किचन सातलाच सुरू होतं, त्यांच्याशी बोलून मग टाकतो. मेल लिहून ठेवलाय, सकाळी पाठवतो.

आत्ता लॉबी रिकामी आहे म्हणून फोटो काढायला सुरुवात केली. पहिले दोन उभं राहून काढले, मग वाटलं तो मुलगा माझ्या छातीइतका होता, म्हणून गुडघ्यावर बसून काढले. बारा वर्षं मी त्या काउंटरच्या मागे उभा आहे. त्या उंचीवरून काउंटरच्या मागचा माणूस दिसतच नाही, नुसती काळ्या लाकडाची भिंत दिसते आणि वरून आवाज येतो. छताचे ते गोल दिवे मात्र सरळ डोळ्यांत. त्याने तो कागद वर ठेवला तेव्हा त्याला हात केवढा उंच करावा लागला असेल.

लिफ्टचे झाले, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजचे झाले. २०७ मध्ये पाहुणे आहेत, उद्या अकराला रिकामी होतेय, तेव्हा आतले काढतो. उद्यापासून ती खोली बुकिंगवर बदलता येणार नाही असं सिस्टीममध्ये टाकलंय.

---

लेकीची_आई

बाथरूमचा पंखा चालू करून आणि फ्लश करून त्याचा आवाज पण रेकॉर्ड करा, दहा दहा सेकंद पुरे. आणि लिफ्टमधल्या बटणांचा फोटो सरळ समोरून काढा, तिरका नको, तो मुलगा बटणांचं चित्र काढतो ना.